पायाकडचा अर्धा आरसा

म्हातारा सासरा जाऊन सहा आठवडे झाले. चर्चमध्ये त्याच्या नावानं उकडलेले गोड गहू वाटून झाले आणि घरी आल्या आल्या पलागियानं आरशावरचं काळं कापड ओढून काढलं. माणूस गेलेल्या घरात आरसा उघडा ठेवायचा नाही, म्हणून दोन मीटर उंचीचा तो आरसा इतके दिवस तोंड झाकून भिंतीशी उभा होता. कापडाखालून खोलीभर उजेड सांडला. चुली दोन झाल्या, खिडक्या दोन झाल्या, शिवणाचं मशीन दोन झालं. तिला हायसं वाटलं. घरात कुणीतरी परत आल्यासारखं.

कापडाची घडी घालते न घालते तोच मागून थोरल्या जावेचा आवाज आला.

"आता ह्याचंही बघा काय ते."

युस्तिना दारातच उभी होती, बुटांना बर्फ तसाच. तिच्यामागं तोआदेर, तिचा नवरा. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा. कोयते, विळे, दारू गाळायचं तांब्याचं भांडं, मेंढ्या, सगळ्याची वाटणी सकाळीच झाली होती. आरशाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"युस्तिनाक्का, आरसा कसा वाटायचा?" पलागिया म्हणाली. "मेंढी आहे का ती?"

"मेंढी नाही म्हणूनच सोपं. मेंढी कापली की मरते."

पलागियानं नवऱ्याकडं पाहिलं. गाव्रिला चुलीपाशी बसून छपराच्या कौलासाठी लाकडाचा कपचा सोलत होता. त्यानं खांदे उडवले. कुणी काही मागितलं की खांदे उडवायचे आणि देऊन टाकायचं, ही त्याची जन्माची रीत. वीस वर्षं त्या खांद्यांकडं बघून पलागियाचे दात आंबले होते.

"अरे, बोल की! माझं पोट आहे ह्या आरशावर!"

"दादाचाही बापच होता तो," गाव्रिला म्हणाला आणि पुन्हा कपचा सोलू लागला.

तो आरसा म्हाताऱ्यानं जंगल कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यातून आणला होता. कंपनी बुडाली, साहेब गेला, सामान कवडीमोलानं निघालं. बारा किलोमीटर चढ म्हाताऱ्यानं आरसा पाठीला बांधून काढला, काच बाहेरच्या बाजूला. वाटेतले लोक सांगायचे, पुढून म्हातारा चालताना दिसत होता आणि मागून नुसतं आभाळ चाललं होतं, ढगांसकट. गाई वळून बघत होत्या. घरी पोचल्यावर सुनेला म्हणाला होता, "घे. आता तुझ्या नवऱ्यामुलींना कळेल, तू त्यांचं काय केलंस ते."

तेव्हापासून गावातली प्रत्येक नवरी पलागियाच्या घरात सजत आली होती. बाह्यांवर चुण्यांची नक्षी असलेला सदरा, पांढरा घेर, त्यावर आडव्या पट्ट्यांची दोन लोकरी वस्त्रं, एक पुढं अन् एक मागं, आणि डोक्यावर मण्यांचा, नखाएवढ्या आरशांचा मुकुट. शिवणारीण म्हणून ती चांगली होतीच. पण नवऱ्यामुली यायच्या त्या स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायला. असा आरसा खोऱ्यात दुसरा नव्हता.

खालच्या गावातून काच कापणारा आला. आरसा टेबलावर आडवा निजवला. म्हाताऱ्या बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"आरसा फुटला की सात वर्षं वाईट," एकीनं पुटपुटून घेतलं.

"फोडत नाहीये, कापतोय," काचवाला म्हणाला. "कापण्याला वर्षं नसतात." त्यानं रॉकेलचं बोट फिरवलं, पट्टी धरली, हिऱ्याचं टोक एकदाच ओढलं. बारीक रडल्यासारखा आवाज झाला. मग खालून दोन टिचक्या मारल्या आणि बरोबर मधोमध आरशाचे दोन झाले.

"माझा नवरा थोरला," युस्तिना म्हणाली. "तोंड दिसतं तो भाग आमचा. पाय दिसतात तो तुमचा. शिवणवालीला काय, घेरच बघायचा असतो!"

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वरच्या भागात इतकी वर्षं तोंडं दिसत आली होती, खालच्या भागात पाय. तोआदेर तोंडांचा भाग पाठीला बांधून चढ चढून गेला. पलागियाकडं पाय उरले.

*

लग्नांचे आठवडे सुरू होते. मोठा उपास लागण्यापूर्वी गावात चार लग्नं व्हायची होती. उपास लागला की पुढं ईस्टरपर्यंत काही नाही. गाव्रिलाच्या लाकडी कौलांना आता कुणी विचारत नव्हतं, सगळे पत्रे टाकत होते. म्हणून पलागियाच्या पलंगाखाली एक पिशवी भरून ठेवलेली होती. तिची मावसबहीण रोझालिया दर सोमवारी व्हॅनमधून बायका इटलीला नेत असे, तिकडच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला.

"बेर्गामोत एक बाई आहे," रोझालिया फोनवर म्हणाली होती. "नव्वद वर्षांची. उठत नाही, पण शिव्या चांगल्या देते. सोमवारी हॉर्न देते मी. तीनदा. आलीस तर आलीस."

"लग्नं मिळाली तर नाही येणार."

"मिळाली तर."

पहिलं लग्न नास्तासियाचं. बाकी तिघींच्या आया तिच्याकडं डोळे लावून बसल्या होत्या. शहरात पांढरा झगा भाड्यानं मिळतो, झिप लावली की नवरी तयार. नास्तासियानं झगा घेतला असता तर तिघींनीही घेतला असता, आणि पलागियाला व्हॅनमध्ये बसावं लागलं असतं. इतकं सरळ होतं ते.

मंगळवारी नास्तासिया पहिल्या मापाला आली. सोबत तिची आई वारवारा आणि काठी टेकत आजी. पलागियानं पोरीला सदरा चढवला, घेर बांधला, पट्टे आवळले, मुकुट टेकवला. मुलगी श्वास रोखून आरशापुढं आली. अर्धा आरसा जमिनीवर भिंतीला टेकून उभा होता. जिथं आधी होता तिथंच.

"मावशी," नास्तासिया म्हणाली, "मला नुसत्या वहाणा अन् गुडघे दिसतायत."

"मागं सर," वारवारा म्हणाली.

ती मागं सरली.

"आता?"

"वहाणा. आणि गुडघे."

"अजून मागं सर की गं! लांबून सगळं दिसतं. डोंगर जवळून दिसतो का?"

नास्तासिया चुलीपर्यंत गेली. गुडघे. दारापर्यंत गेली. गुडघेच, फक्त लहान. दार उघडलं, बाहेरच्या खोलीत थंडीपायी आणून ठेवलेल्या कोंबड्या फडफडून बाजूला झाल्या, आणि ती त्यांच्यातून मागं मागं जात राहिली.

"आता तरी?"

"गुडघे!"

"मग अजून मागं!"

मुलगी ओसरीत गेली. मग पायरी उतरली. मग मुकुट सांभाळत, घेर दोन्ही हातांनी उचलून, अंगणातल्या तुडवलेल्या बर्फावर उभी राहिली. उघड्या दोन दारांतून तिला खूप लांब, बशीएवढ्या तुकड्यात, आपल्या वहाणा दिसत होत्या. त्यावर गुडघे. गुडघ्यांवर काच संपत होती.

"घेर भिजतोय!" पलागिया ओरडली. "आत ये आधी! आठ दिवस चुण्या घालतेय मी त्याच्या!"

आजी इतका वेळ बाकावर बसून सगळं बघत होती. तिनं काठी जमिनीवर आपटली, आणि लग्नात नाचताना आरोळी ठोकावी तशी ठोकली:

"मुकुट इथं, माळा इथं, पाय कुठं गं नवरी?
पाय गेले पुढं सासरी, वरचं धड माहेरी!"

वारवारा हसली नाही. तिनं पोरीच्या पायांवरचा बर्फ झटकला आणि पलागियाकडं न बघता म्हणाली, "वरचा भाग तुझ्या जावेकडं आहे ना? मग वरचं तिथं जाऊन बघू."

तर त्या चौघी मुकुट टोपलीत घेऊन चढ चढून युस्तिनाकडं गेल्या. स्वतःची नवरी दुसऱ्याच्या दारात न्यायची वेळ पलागियावर पहिल्यांदाच आली होती. युस्तिनानं त्यांना बूट काढायला लावले. आधी असं कधी लावलं नव्हतं. तिचा अर्धा आरसा भिंतीवर उंच टांगलेला होता, मूळ आरशात जितका उंच असायचा तेवढाच, इंचाचा फरक नाही.

नास्तासियानं पाहिलं. मुकुट होता, तोंड होतं, पट्टे होते. गुडघ्यांशी काच संपली.

"घेराची कड दिसत नाही," ती म्हणाली.

"कड खाली बघून आलीस ना," युस्तिना म्हणाली. "आता वरचं बघ. मनात जोड." मग डोकं वाकडं करून तिनं नास्तासियाच्या पायांकडं बघितलं. "तसं मला विचारशील तर कड वरखाली आहे. एका बाजूनं बोटभर उतरलीय. आरशात दिसली असती तर तुलाही कळलं असतं, पलागिया."

"उतरलेली नाही."

"तू म्हणतेस म्हणजे नसेल."

वारवारानं दोघींकडं पाहिलं. मग आपल्या पोरीकडं, जिचा अर्धा भाग खाली झाला होता आणि अर्धा इथं, आणि पुरी कुठंच नाही.

"पलागिया," ती म्हणाली, "तू वाईट शिवत नाहीस. पण माझी एकुलती एक पोर तुकड्यातुकड्यानं लग्नाला उभी राहणार नाही. शनिवारी तिला एका जागी उभी करून डोक्यापासून वहाणांपर्यंत दाखव. नाहीतर दुपारच्या बसनं आम्ही शहरात जातो."

*

बुधवारी पलागियानं चुण्या घातल्या. गुरुवारी चुण्या घातल्या. बोटांची टोकं सुईनं चाळणीसारखी झाली होती. मान अशी धरली होती की मामालिगाचा, मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा, पिवळा गोळा दोऱ्यानं कापताना तिला सगळं अंग वळवावं लागत होतं. समोरच्या तुकड्यात तिला स्वतःचे पाय दिसत होते, मशीनच्या पायटीवर वरखाली, वरखाली. दुसऱ्या कुणा बाईचे असावेत तसे. ती वाकून बघायची, मान तिरकी करून बघायची, जमिनीवर बसून बघायची. बसली की तोंड दिसायचं. पण नवरीला चर्चमध्ये बसून कोण नेतं?

आणि कोंबडा. लाल, माजोरी, शेपटीचं एक पीस तुटलेला. कोंबड्यांना आत घेतल्यापासून त्याला जमिनीवरच्या काचेत दुसरा एक कोंबडा सापडला होता. तो मान फुगवायचा, समोरचाही फुगवायचा. हा एक पाऊल पुढं, तोही एक पाऊल पुढं. हा चोच मारायचा, तो नेमकी त्याच जागी चोच आणून भिडवायचा. दिवसातून वीस वेळा टक् टक् टक्. चोचीचे डाग आणि विष्ठा काचेवर.

शुक्रवारी दुपारी टक् टक् सुरू झालं आणि पलागियाच्या हातातली सुई सरळ अंगठ्यात गेली.

"गाव्रिला! तो उचल तिथून!"

"कोंबडा?"

"कोंबडा काय उचलतोस! आरसा उचल! वर कुठंतरी टांग, त्याची चोच पोचणार नाही असा!"

"पण पायांचा भाग आहे तो. पायांशीच नको?"

"पाय गेले खड्ड्यात! उद्या शनिवार आहे. उद्या पाय, परवा पाय, आणि सोमवारी मी त्या व्हॅनमध्ये बसून बेर्गामोतल्या बाईचे पाय धुवायला जाते, तू इथं कोंबड्याबरोबर बस! उचल!"

गाव्रिलानं खांदे उडवले नाहीत. उठून कपचा खाली ठेवला, आरशामागं जाऊन दोन्ही कडा पंजांत धरल्या आणि खोलीच्या मधोमध उचलला. जाड जुनी काच, जड. त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या.

"किती वर?"

"घे वर."

ती अंगठा तोंडात घालून मशीनवरून उठली होती. समोरच्या काचेत तिच्या वहाणा होत्या, नडग्या होत्या. काच उचलली गेली तसे गुडघे वर आले. मग मांड्या. मग गुडघ्यांवर कंबर उगवली, ओल्या मातीतून कोंब यावा तशी. मग मशीनवर वाकून वाकून पोकळ झालेली छाती. मग तोंडात अंगठा घातलेली एक दमलेली बाई. मग तिचा रुमाल.

पलागियानं अंगठा काढला.

"अजून वर?" गाव्रिला काचेमागून कण्हला.

"घे थोडा."

वहाणांची टोकं गेली. मग वहाणा गेल्या.

"थांब! खाली घे! खाली... थांब म्हटलं ना! हलू नको!"

"हात गळतायत गं माझे."

"गळू दे."

ती समोर उभी होती. डोक्याच्या रुमालापासून वहाणांच्या वादीपर्यंत, पुरी. अर्ध्या काचेत पुरी. काचेच्या वर गाव्रिलाची लोकरी टोपी आणि लाल झालेले कान दिसत होते, खाली त्याचे फाटके बूट, आणि मधे ती उभी होती, त्याच्या अंगाच्या जागी. मग नेहमीच्या सवयीनं मागं सरली. चुलीपर्यंत गेली. सगळं लहान झालं, पण तेवढंच राहिलं. टाळू काचेत होती तिथंच, पाय होते तिथंच. मग जवळ आली, नाकाला नाक लागेस्तोवर. तरी टाळू तिथंच, आणि डोळे खाली टाकले की पाय तिथंच.

"गाव्रिला," ती म्हणाली. "पाय ह्या तुकड्यात नव्हतेच."

"मग?"

"माझ्याजवळच होते."

त्यानं लाकडी भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या आणि आरसा त्यांवर बसवला. मग त्याच्यातला सुतार जागा झाला. चुलीतला कोळसा आणि मापाची पट्टी घेऊन तो आरशाशेजारी उभा राहिला.

"टाळू कुठं दिसते तुला? सांग. मी काचेवर खूण करतो."

"वर. अजून. नको, खाली. हं, तिथं."

"आणि पायांची बोटं?"

"खाली, खाली... बास."

त्यानं दोन खुणांमधलं अंतर मोजलं. मग तिला दाराच्या चौकटीशी उभी करून तिची उंची मोजली. पुन्हा आरसा मोजला. ओठ हलवत दोन्ही आकडे जुळवले.

"तू एकशे साठ," तो म्हणाला. "आणि काचेत लागलेली ऐंशी. बरोबर अर्धी."

"मागं सरले तर?"

"मागं सर." ती सरली. कोळशाच्या खुणा जिथल्या तिथं बसल्या. गाव्रिलानं मान हलवली. "तू मागं गेलीस की तीही तितकीच मागं जाते. पाऊलभर तू, पाऊलभर ती. तुझ्याइतकीच हट्टी आहे. तिच्यापुढं तुझं काही चालायचं नाही."

"आणि तू आठ दिवस हा जमिनीवर ठेवलास!"

"तूच म्हणालीस की जिथं होता तिथं ठेव."

पलागियानं कोंबड्याला लाथ मारली.

*

शनिवारी सकाळी वारवारा शहरात जायचे कपडे घालूनच आली. हातात पर्स. आजीही होती, आणि दारात दुसऱ्या दोन मुलींच्या आया, सहज आल्यासारख्या.

नास्तासिया सजून आरशापुढं आली. एक हात उचलून मुकुटाला लावला. मग खाली वहाणांकडं पाहिलं. मग पुन्हा वर. दोन-तीनदा तिची नजर अशी वरखाली गेली, आणि मग तिचे ओठ थरथरायला लागले.

"रडू नको, डाग पडतील," पलागिया म्हणाली.

"मागं सर," आजी सवयीनं म्हणाली.

"नको सरू," पलागिया आणि गाव्रिला एकदमच म्हणाले.

वारवारा पुढं वाकली. शोधत होती, काहीतरी सापडावं म्हणून. सापडलं.

"कड उतरलीय! युस्तिना बरोबर म्हणत होती. डावी बाजू."

पलागिया गुडघ्यांवर बसली, डाव्या बाजूला टाचण्या लावून कड बोटभर वर घेतली.

"आता तर जास्तच वाकडी झाली!" वारवारा म्हणाली. "डावी म्हटलं ना मी!"

"डावीच घेतली."

"ही बघ ना डावी!" आणि तिनं आरशातल्या मुलीकडं बोट केलं.

"अगं बाई," आजीनं काठीनं वारवाराच्या पोटरीवर टोकलं. "ती तोंड करून उभी आहे आपल्याकडं. तिची डावी म्हणजे आपल्या पोरीची उजवी. पन्नास वर्षं वेणी घालतेस, तेवढं कळू नये?"

दारातल्या बायका हसल्या. पलागियानं डावीकडच्या टाचण्या काढल्या, उजवीकडं लावल्या. कड खरंच उतरली होती, बोटभर. तिनं ते मनातल्या मनात कबूल केलं, युस्तिनाच्या नावासकट, आणि ते गिळायला तिला कड सरळ करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. घेर सरळ झाला. आरशातला घेरही सरळ झाला.

वारवारानं पर्स बाकावर ठेवली. बस गेली तेव्हा तिच्या हातात प्लमच्या दारूचा पेला होता. दारातल्या आयांपैकी एकीनं विचारलं, मंगळवारी माप द्यायला आलं तर चालेल का. दुसरीनं विचारलं, मंगळवारी ती येणार तर आपण बुधवारी आलं तर चालेल का.

*

बातमी चढ चढून वर जायला रविवारची प्रार्थना पुरली. चर्चमधून बायका सुटल्या आणि युस्तिना आरसा उतरवण्यापुरती घरी जाऊन थेट पलागियाच्या दारात आली. तोआदेर मागं होताच, पाठीला आरसा बांधून. चेहरा असा की मला काही विचारू नका.

"फसवलंत," युस्तिना म्हणाली. "म्हाताऱ्याला ठाऊक असणार, आणि तुला सांगून गेला असणार. सगळं दिसतं तो भाग तुम्ही ठेवून घेतलात."

"अक्का, भाग तूच निवडलास."

"मला कुठं माहीत होतं?"

"दोन्ही सारखेच आहेत," गाव्रिला म्हणाला. "ते टांगण्यावर आहे सगळं. माणसाच्या अर्ध्या उंचीएवढी काच असली की..."

"सारखेच आहेत? मग बदलून द्यायला काय जातं?"

गाव्रिलानं खांदे उडवले.

"पलागिया, दे बदलून," तोआदेर हळूच म्हणाला. "प्रार्थनेपासून हिनं मला जेवू दिलं नाही."

पलागियाचे दोन्ही हात वर गेले आणि खाली आले. "ने! ने बाई! खुंट्या हव्यात का? त्याही ने!"

"खुंट्या नकोत. आमच्याकडं खिळा आहे."

तोआदेर पायांचा भाग पाठीवर घेऊन चढाला लागला. तोंडांचा भाग गाव्रिलानं दोन खुंट्यांवर बसवला. पलागिया समोर उभी राहिली. रुमालापासून वादीपर्यंत, पुरी. कोळशाच्या खुणा आधीच्या काचेबरोबर तोआदेरच्या पाठीवरून गेल्या होत्या, त्यानं नव्या काढल्या. ऐंशी.

सोमवारी सकाळी ती शेण काढत होती तेव्हा वरून आरोळी आली. बर्फावरून आवाज स्वच्छ येतो.

"पलागिया! अगं ए पलागिया! पाय काढून घेतलेस ना ह्यातले! पुन्हा गुडघ्यांपर्यंतच दिसतंय! पाय तिकडंच ठेवलेत तुम्ही!"

पलागियानं फावडं टाकलं. आधी देवाचं नाव घेतलं, मग दुसरं काहीतरी. आत जाऊन हातोडा घेतला, मूठभर खिळे घेतले. गाव्रिला म्हणाला, जाऊ दे, मी जातो. ती म्हणाली, तू खांदे उडवून परत येशील. आणि शाल आवळून चढ चढू लागली, गुडघाभर बर्फात, हातोडा काठीसारखा टेकत. ती पिशवी पलंगाखाली तशीच होती. रोझालियाला फोन करायला तिला फुरसत झाली नव्हती.

ह्या वेळी युस्तिनानं बूट काढायला सांगितले नाहीत. पलागियानं खिळे दातांत धरले, आरसा उतरवून तोआदेरच्या हाती दिला, आणि जुन्या खिळ्याच्या दीड वीत खाली बोटानं खूण केली.

"इतका खाली?" युस्तिना किंचाळली. "तोंड जाईल ना माझं!"

पलागियानं खिळे काढून हातात घेतले. "अक्का, तोंड आहे तिथंच आहे. ते काचेत नाही. तुझ्या मानेवर आहे, म्हणून तर सगळ्या गावाला ऐकू जातं. आता गप उभी राहा."

खिळे पुन्हा दातांत. एक ठोकला. तोआदेरनं आरसा धरला. युस्तिना डोळे बारीक करून, हनुवटी वर करून उभी राहिली, जणू कुणी तिच्या तोंडावर पाणी मारणार होतं. मग तिनं डोळे उघडले. वरून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यांखाली सुजलेल्या नडग्या, त्याखाली वेगवेगळ्या रंगांचे दोन मोजे.

"अगं बाई," ती पुटपुटली. "ह्या मोज्यांत मी चर्चला गेले काल?"

काचेत तिच्याशेजारी हातोडा घेतलेली एक बाई उभी होती. तीही पुरी. दोघी एकमेकींकडं न बघता एकमेकींकडं बघत होत्या.

तेवढ्यात खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. एकदा. थोडं थांबून पुन्हा. युस्तिनानं आरशातूनच तिच्याकडं पाहिलं.

"तुझीच ना ती गाडी?"

पलागियाच्या तोंडात दोन खिळे होते. तिसरा हॉर्न वाजला, लांबलचक. मग इंजिनाचा आवाज वळणाआड गेला. तिनं एक खिळा दातांतून काढला, दुसऱ्या बाजूची खूण बोटानं चाचपली आणि हातोडा उचलला.